सरकार शाबूत, देश गायब: दक्षिण मोलुक्का प्रजासत्ताकाची पंचाहत्तरी

निशाचर_नाशिक
विभाग: इतिहास

फिनलंडमध्ये बसून स्वतःला बियाफ्राच्या (नायजेरियातून फुटू पाहणारा प्रदेश) परागंदा सरकारचा पंतप्रधान म्हणवणाऱ्या सायमन एक्पाला सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. ती बातमी इथे कुणीतरी डकवली होती आणि खाली 'असली सरकारं म्हणजे वर्गणी गोळा करायचे धंदे' असा एकमुखी निकाल लागला होता. एक्पाची वकिली मला करायची नाही. पण सगळ्यांना एकाच पट्टीने मोजू नये, म्हणून हा धागा. असंच एक सरकार हॉलंडमध्ये १९६६ पासून आहे. त्याला कुणी हिंग लावून विचारत नाही आणि तरी ते बंद पडत नाही.

देशाचं नाव दक्षिण मोलुक्का प्रजासत्ताक, तिथल्या भाषेत 'रिपब्लिक मालुकू सलातान', म्हणून सगळे 'आरएमएस'च म्हणतात. इंडोनेशियाच्या पूर्वेकडची बेटं. राजधानी अंबोन. आपल्या मसाल्याच्या डब्यातली लवंग आणि जायफळ मुळात याच भागातले.

२७ डिसेंबर १९४९ ला डचांनी इंडोनेशियाची सत्ता सोडली, ती एका संघराज्याच्या हाती. त्यात १६ घटक होते आणि मोलुक्का 'पूर्व इंडोनेशिया' या घटकात. इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांना संघराज्य नकोच होतं. त्यांच्या मते ती डचांनी जाता जाता मारून ठेवलेली पाचर होती (आणि यात तथ्य होतंच). काही महिन्यांत एकेक घटकराज्य विरघळायला लागलं. १७ ऑगस्ट १९५० ला तर संघराज्यच संपलं. त्याआधी, २५ एप्रिल १९५० ला, अंबोनमध्ये वेगळं व्हायची घोषणा झाली. पुढे पूर्व इंडोनेशियाचे माजी न्यायमंत्री ख्रिस सौमोकिल राष्ट्राध्यक्ष झाले. सप्टेंबरअखेर इंडोनेशियन फौजा अंबोनवर उतरल्या, नोव्हेंबरात शहर पडलं. उरलेले लोक शेजारच्या सेराम बेटाच्या जंगलात शिरले आणि सौमोकिल तिथून डिसेंबर १९६३ पर्यंत लढत राहिले. पकडले गेले. १२ एप्रिल १९६६ ला त्यांना गोळ्या घातल्या.

इथपर्यंत ही नेहमीची फसलेल्या बंडाची गोष्ट आहे. मला खरा रस आहे तो हॉलंडला गेलेल्या माणसांत.

डचांच्या वसाहती सैन्यात, म्हणजे क्निलमध्ये, अंबोनी शिपाई फार. जुलै १९५० मध्ये हे सैन्यच बरखास्त झालं, तेव्हा हजारो अंबोनी शिपाई जावाच्या छावण्यांत बायकापोरांसह अडकलेले होते. कुठे उतरायचं ते निवडायचा हक्क त्यांना सेवाशर्तींत होता. ते म्हणाले, अंबोनला सोडा. इंडोनेशिया म्हणाला, अजिबात नाही, तिथे बंड चालू आहे. मग जावातच सोडून देऊ म्हणावं, तर ते कोर्टात गेले आणि हेगच्या कोर्टाने डच सरकारला मनाई केली: यांच्या मर्जीविरुद्ध इंडोनेशियन भूमीवर यांना सेवामुक्त करायचं नाही. सरकारपुढे एकच वाट उरली. शिपायांना हुकूम सुटला, बोटीत चढा. पहिली बोट 'कोता इंतेन', २१ मार्च १९५१ ला रॉटरडॅमला लागली. एकूण साधारण साडेबारा हजार माणसं आली, त्यात शिपाई साडेतीन हजारांच्या आसपास. सहा महिन्यांत परत जाऊ, अशी सगळ्यांची समजूत.

आणि हॉलंडला पोचल्यावर त्यांना सैन्यातून काढून टाकलं. हुकमाने आणलं आणि उतरल्यावर नोकरी गेली. पगार गेला, हुद्दा गेला, पेन्शनचा तर प्रश्नच नाही. राहायला दिलं कुठे? वेस्टरबोर्कला, जिथून नाझींनी ज्यूंना गाड्यांत भरून पूर्वेला पाठवलं होतं. नाव बदलून 'स्खाटेनबेर्ख' केलं, बरॅकी त्याच. दुसरी मोठी छावणी व्हुख्तला, तीही जुनी नाझी छळछावणीच. सुरुवातीला बाहेर काम करायची मुभा नाही, जेवण सामायिक भटारखान्यातून, हातखर्चाला आठवड्याला तीन गिल्डर. वीस-वीस वर्षं नोकरी केलेल्या सुभेदार-हवालदारांना!

अशा छावणीत सरकार स्थापन होणार नाही तर काय होणार? सौमोकिलना मारल्यावर योहान मानुसामा राष्ट्राध्यक्ष झाले, पेशाने इंजिनिअर. १९९३ पासून फ्रान्स तुतुहातुनेवा, डॉक्टर. २०१० पासून जॉन वाटिलेटे, वकील, जन्म हॉलंडचाच. या सरकारकडे जमीन नाही, फौज नाही, नाव घ्यावं अशा कुठल्या देशाची मान्यता नाही. निळा-पांढरा-हिरवा-लाल झेंडा आहे, 'मेना मुरिया' ही घोषणा आहे आणि दरवर्षी २५ एप्रिल आहे. २०२५ मध्ये पंचाहत्तरी झाली.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हे सरकार सुकार्नोंच्या विरोधात निघालं, पण टिकलं ते डचांनी केलेल्या विश्वासघातावर. १९५१ मध्ये त्या शिपायांना नोकरीत ठेवून सन्मानाने वागवलं असतं, तर १९७० पर्यंत आरएमएसचं नावही कुणी घेतलं नसतं.

---

लवंगलता

वाचनखूण साठवली. मसाल्याचा विषय निघालाय म्हणून अवांतर: डच कंपनीने लवंगेचा भाव चढा राहावा म्हणून अंबोन आणि लगतची बेटं सोडून बाकी ठिकाणची लवंगेची झाडं फौजा पाठवून तोडली होती. अंबोनच्या लोकांनाच वल्ही मारायला लावून. तेव्हापासून या बेटांचा डचांशी घरोबा. सख्खे शेजारी आणि पक्के वैरी म्हणतात तसलं.

---

खडूस मास्तर

लेख उत्तम, निष्कर्ष भाबडा.

क्निल म्हणजे कोण हे वाचकांना नीट कळू द्या. १९४७ ते ४९ मध्ये डचांनी इंडोनेशियन स्वातंत्र्यलढा चिरडायला ज्या मोहिमा काढल्या, त्यांत हेच शिपाई पुढे होते. गावं जाळली, माणसं मारली. मालक हरल्यावर नोकराने म्हणायचं की आम्हाला आता वेगळा देश द्या! जालियनवाला बागेत गोळ्या झाडणारेही पगारी शिपाईच होते, त्यांच्यासाठी आपण धागे काढत नाही.

आणि सगळे अंबोनी तिकडे होते हाही गैरसमज नको. योहानेस लेइमेना अंबोनीच, ख्रिस्तीच. सुकार्नोंच्या मंत्रिमंडळात वर्षानुवर्षं मंत्री होते, उपपंतप्रधानपदापर्यंत गेले. मोलुक्काचे पहिले गव्हर्नर लातुहारहारी, तेही तिथलेच. त्यांना कुणी परागंदा केलं नाही.

---

निशाचर_नाशिक

मास्तर, लेइमेनांचा मुद्दा चोख आहे. अंबोन दुभंगलेलंच होतं, आणि म्हणूनच घोषणेला जनतेचा कौल म्हणणं मलाही अवघड जातं. कौल घेतलाच नव्हता.

पण शिपायांचा हिशोब त्यांच्या पोरांकडून का वसूल करायचा? १९५१ मध्ये बोटीत जी पाच वर्षांची पोरं होती, ती नाझींच्या बरॅकीत वाढली. त्यांनी कुठलं गाव जाळलं?

---

मराठवाडी बाणा

वाचताना सारखं हैदराबाद आठवत होतं. निजामाच्या माणसांनीही ऑगस्ट १९४८ मध्ये सुरक्षा परिषदेत तक्रार नेली होती. १७ सप्टेंबरला आमची सुटका झाली, तरी 'हैदराबादचा प्रश्न' परिषदेच्या यादीत कितीतरी वर्षं तसाच पडून होता. कागदावर जिवंत, जमिनीवर संपलेला. माझे आजोबा रझाकारांच्या काळात परभणीहून विदर्भात पळाले होते, त्यामुळे नव्या देशाला कुणी आतून पाचर मारली की माझी सहानुभूती आपोआप देशाकडे जाते. सुकार्नोंनी जे केलं ते पटेलांनी केलं तेच.

फक्त एक फरक मान्य करतो. हेगच्या सत्तांतराच्या करारात घटकराज्यांना आपलं भवितव्य ठरवण्याचा हक्क लिहून दिला होता आणि त्यावर इंडोनेशियाची सही होती. तो हक्क कुणालाही वापरायला मिळाला नाही. संयुक्त राष्ट्रांचं मंडळ मध्यस्थीला तयार होतं, जाकार्ताने दारात उभं केलं नाही. आपण तेव्हा काय केलं? काहीच नाही. नेहरूंनी १९४९ च्या जानेवारीत इंडोनेशियासाठी दिल्लीत परिषद भरवली होती, बिजू पटनाईक तर स्वतः विमान घेऊन तिथल्या नेत्यांना बाहेर काढायला गेले होते. आपला पक्ष ठरलेला होता.

---

पेडणेकर_पर्वरी

गोंयकाराची हजेरी. जुन्या गोव्याच्या बॉ जेझू बासिलिकात ज्यांचं शव आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर १५४६ मध्ये अंबोनला गेले होते, तिथून पुढे तेर्नातेला. तिथल्या ख्रिस्ती धर्माची मुळं पोर्तुगीज काळातली. १६०५ मध्ये डच आले आणि त्याच माणसांना प्रोटेस्टंट करून टाकलं. 'दे फ्रेतेस' असलं आडनाव आजही अंबोनी कुटुंबांत सापडतं. म्हापशाच्या बाजारात हाक मारली तर कुणी मागे वळून बघेल.

---

अस्सेनची सूनबाई

आता मला लिहावंच लागणार. नवरा डच आहे, ड्रेंथे प्रांतातला, आणि आम्ही अस्सेनलाच राहतो. ज्या रुळावरून मी कामाला ग्रोनिंगेनला जाते, त्याच रुळावर दे पुंट आहे.

तुम्ही १९६६ वरून एकदम पंचाहत्तरीवर उडी मारलीत, निशाचर. मधलं सगळं गाळलंत. इथल्या लोकांसाठी मधलंच सगळं आहे.

१९७० मध्ये इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या भेटीच्या आदल्या दिवशी मोलुक्की तरुण वासेनारला इंडोनेशियन राजदूतांच्या घरात घुसले, एक डच पोलीस मेला. डिसेंबर १९७५ मध्ये वैस्टरजवळ रेल्वेगाडी अडवली. चालकासकट तिघांना मारलं. त्याच वेळी ॲमस्टरडॅमच्या इंडोनेशियन वाणिज्य दूतावासात दुसरी टोळी. मग २३ मे १९७७. दे पुंटला नऊ जणांनी गाडी ताब्यात घेतली, पन्नासेक माणसं आत. आणि त्याच सकाळी बोव्हेन्स्मिल्देच्या प्राथमिक शाळेत १०५ मुलं आणि पाच शिक्षक. मुलं आजारी पडायला लागली म्हणून चार दिवसांनी सोडली. गाडी वीस दिवस तशीच उभी. ११ जूनला पहाटे लढाऊ विमानं डब्यांवरून अगदी खालून नेली, कानठळ्या बसवायला, आणि मरीन कमांडोंनी हल्ला केला. सहा अपहरणकर्ते आणि दोन ओलीस गेले.

बोव्हेन्स्मिल्दे हे केवढंसं गाव! शाळा आणि मोलुक्की वस्ती एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर. सासूबाई सांगतात, ज्यांनी बंदूक धरली त्यांना पोरांचे आईबाप नावाने ओळखत होते, काल-परवापर्यंत एकाच दुकानात पाव घेत होते. सासूबाई त्या विषयावर फार बोलत नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, की त्यानंतर गावात लोक नमस्कार करायचे, पण थांबायचे नाहीत.

मेलेले सहाही जण इथल्याच बोस्काम्प दफनभूमीत आहेत. दरवर्षी जूनमध्ये माणसं जमतात. माझ्याबरोबर काम करणारी मोलुक्की बाई न चुकता जाते. ती तिसऱ्या पिढीतली, तिला इंडोनेशियन भाषा जेमतेम येते, अंबोनला सुट्टीत जाऊन आलीये. मी एकदा विचारलं, उद्या खरंच देश झाला तर जाशील राहायला? जोरात हसली. 'माझं घराचं कर्ज इथलं आहे' म्हणाली. पण २५ एप्रिलला तिच्या खिडकीत झेंडा असतो आणि त्या दिवशी ती रजेवर असते. ऑफिसात कुणी काही बोलत नाही.

---

टवाळ टिटवी

या सरकारचा पासपोर्ट मिळतो का? की नुसतं व्हिजिटिंग कार्ड?

---

अस्सेनची सूनबाई

टिटवी, पासपोर्ट वगैरे काही नाही. उलट पहिल्या पिढीतले पुष्कळजण वर्षानुवर्षं कुठल्याच देशाचे नव्हते. इंडोनेशियन नागरिकत्व नको म्हणून सोडलं आणि डच घेतलं तर आपण परत जाणार नाही हे कबूल केल्यासारखं, म्हणून तेही नाही घेतलं. शेवटी १९७६ मध्ये डच संसदेने खास कायदा केला: हे लोक डच नाहीत, पण त्यांना डच असल्यासारखं वागवायचं.

---

खडूस मास्तर

सूनबाईंचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा वजनदार.

पण मग निशाचर यांचा 'डचांच्या विश्वासघातावर टिकलं' हा सिद्धान्त घ्या आणि त्या शाळेतल्या पोरांच्या आयांना ऐकवा. गाडीच्या चालकाने कुणाची पेन्शन बुडवली होती? मानुसामांचं सरकार त्या वेळी काय करत होतं?

---

निशाचर_नाशिक

मानुसामा १९७५ मध्ये मध्यस्थी करायला गेले होते. १९७७ मध्ये सौमोकिलांच्या विधवा पत्नी स्वतः दे पुंटच्या गाडीत जाऊन बोलणी करून आल्या. पोरांनी ऐकलं नाही. परागंदा सरकारची खरी पत किती असते ते इथे दिसतं. ज्यांच्या नावाने बंदूक उचलली, त्यांनी सांगूनही ती खाली ठेवली नाही. वीस-पंचवीस वर्षं 'लवकरच परत जाऊ' ऐकलेल्या मुलांनी बापांच्या सरकारला निकम्मं ठरवलं होतं.

समर्थन मी कशाचंच करत नाही. कारण सांगतोय. आणि डच सरकारलाही ते कारण कळलं होतं, नाहीतर १९८६ चा समझोता झाला नसता. पहिल्या पिढीला दरसाल दोन हजार गिल्डर, शिपायांना पदक, उट्रेख्तला संग्रहालय. पस्तीस वर्षांनी. तोवर कितीतरी शिपाई मातीआड गेले होते.

मात्र मला जास्त टोचतं ते दुसरंच. २९ जून २००७ ला इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष युधोयोनो अंबोनच्या मैदानावर कार्यक्रमाला आले होते. कार्यक्रमपत्रिकेत नसलेले नर्तक अचानक आत शिरले, 'चाकालेले' हा युद्धनाच सुरू केला आणि कपड्यांतून आरएमएसचा झेंडा काढून फडकवायला गेले. ना बॉम्ब, ना सुरी. राष्ट्रद्रोहाचे खटले भरले. म्होरक्या साधा शाळामास्तर, त्याला जन्मठेप झाली, अपिलात पंधरा वर्षांवर आली.

हेगमध्ये तोच झेंडा घेऊन मिरवणूक काढली तर बंदोबस्ताला पोलीस मिळतात. घोषणा तिकडे, तुरुंग इकडे.

---

मराठवाडी बाणा

यात अजून एक भर. १९९९ ते २००२ मध्ये मोलुक्कात ख्रिस्ती-मुस्लिम दंगलींत हजारो माणसं मेली. जावाहून आलेल्या 'लष्कर जिहाद' या सशस्त्र गटाने 'हे सगळे आरएमएसवाले' म्हणूनच ख्रिस्ती वस्त्यांवर हात टाकला. त्यांतल्या बहुतेकांचा आरएमएसशी काडीचा संबंध नव्हता. मालिनोचा समझोता फेब्रुवारी २००२ मध्ये झाला, आणि २५ एप्रिल २००४ ला झेंड्याच्या मिरवणुकीवरून अंबोन पुन्हा पेटलं. या परागंदा मंडळींनी वर्धापनदिन घरात साजरा केला असता तर काय बिघडलं असतं?

---

अस्सेनची सूनबाई

बाणा, २००४ ची मिरवणूक अंबोनमधल्याच संघटनेने काढली होती. हॉलंडवाल्यांनी बटण दाबलं आणि तिकडे माणसं नाचली, असं नसतं. तिकडच्या माणसांना स्वतःचं डोकं आहे.

आणि निशाचर, तुरुंगातल्या माणसांना इकडचे विसरले हे चूक. ऑक्टोबर २०१० मध्ये याच आरएमएसने हेगच्या कोर्टात अर्ज केला होता, की युधोयोनो हॉलंडला आले की मानवी हक्कांच्या उल्लंघनासाठी त्यांना अटक करा. राजकीय कैद्यांचा छळ हा त्यातला मुख्य मुद्दा. युधोयोनो जाकार्ताच्या विमानतळावर निघायच्या तयारीत होते, त्यांनी अख्खा सरकारी दौराच रद्द केला! कोर्टाने दुसऱ्या दिवशी अर्ज फेटाळला, पण जगभरातल्या पेपरांत अंबोनच्या कैद्यांबद्दल छापून आलं. एरवी कुणी छापलं असतं?

---

खडूस मास्तर

छापून आलं. पुढे? कैदी सुटले का?

---

अस्सेनची सूनबाई

लगेच नाही.

---

पेडणेकर_पर्वरी

मास्तर, तुमच्या मते कुठलंच परागंदा सरकार कामाचं नाही? मग आपल्या धरमशाळेतल्या तिबेटींचं काय?

---

निशाचर_नाशिक

धरमशाळा नको, धागा शंभरी गाठेल आणि संपादक कुलूप लावतील. इंडोनेशियातलंच उदाहरण घ्या ना.

सुमात्राच्या उत्तर टोकाच्या आचे प्रांतातल्या हसन दी तिरो यांनी ४ डिसेंबर १९७६ ला स्वातंत्र्य जाहीर केलं आणि नंतर स्टॉकहोमजवळ बिऱ्हाड थाटून सरकार चालवलं. तेही वर्षानुवर्षं चेष्टेचाच विषय. पण त्यांचे लोक आचेच्या डोंगरांत बंदुका घेऊन उभे होते. त्सुनामीनंतर, १५ ऑगस्ट २००५ ला, हेलसिंकीत समझोता झाला. स्वातंत्र्य सोडून दिलं, स्वायत्तता घेतली, स्थानिक पक्ष काढायची मुभा घेतली. परागंदा सरकारचे परराष्ट्रमंत्री झैनी अब्दुल्ला २०१२ मध्ये निवडणूक जिंकून आचेचे गव्हर्नर झाले. पंतप्रधान मलिक महमूद 'वली नांग्रो' झाले, म्हणजे तिथलं मानाचं पद. दी तिरो यांना २ जून २०१० ला इंडोनेशियन नागरिकत्व परत मिळालं आणि दुसऱ्याच दिवशी ते वारले.

म्हणजे स्वीडनमधल्या सरकारकडे जाकार्ताला विकत घ्यावंसं वाटेल असं काहीतरी होतं: युद्ध थांबवायची ताकद. वाटिलेटे यांच्याकडे १९६३ पासून तसं काही नाही. स्वायत्तताही चालेल असं त्यांनी सुचवून पाहिलंय, पण समोर टेबलावर बसायला कुणी येत नाही. त्यांची खरी प्रजा ड्रेंथेत आणि व्हुख्तला आहे, आणि तिला इंडोनेशियाकडून काही नकोय. तिचा हिशोब हेगशी आहे. दे पुंटच्या हल्ल्यात मेलेल्या दोघा अपहरणकर्त्यांच्या नातेवाइकांनी डच सरकारवर खटला भरला. २०१८ मध्ये हरले, २०२१ मध्ये अपिलातही हरले. प्रतिवादी बघा कोण आहे.

---

खडूस मास्तर

हे आचेचं मूळ लेखात घालायला हवं होतं. अर्धे प्रतिसाद टळले असते.

तरी माझा आक्षेप उभाच आहे. हिशोब हेगशी असेल तर माजी सैनिकांची संघटना काढा, पेन्शन मागा, माफी मागा. मी सही करायला येतो. राष्ट्राध्यक्ष कशाला हवा?

---

अस्सेनची सूनबाई

मास्तर, संघटनेच्या कोर्टातल्या अर्जाला घाबरून कुणी दौरा रद्द केला नसता.

आणि सही करायला येणारच असाल तर व्हुख्तला उतरा. लुनेटेन छावणीत मोलुक्की कुटुंबं अजून राहतात, नवी घरं बांधून. जुन्यांपैकी '१ ब' नंबरची बरॅक दुरुस्त करून बघायला ठेवली आहे. हेगला येणार असाल तर मोलुक्की संग्रहालय उट्रेख्तहून आता तिथे सोफियाहोफमध्ये आलंय. सोमवारी यायचा बेत असेल तर आधी उघडं आहे का ते बघून घ्या, इथली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

---

टवाळ टिटवी

मास्तरांचा व्हिजा कोण स्पॉन्सर करतंय?